शाखामृगाची साक्ष

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर चिरगाव येतं. मराठी प्रवासी इथे सहसा उतरत नाही. झाशीचा किल्ला बघून झाला, नेवाळकरांच्या आठवणी काढून झाल्या, ओरछाच्या रामराजाला हात जोडले की आपली मंडळी परतीच्या गाडीकडे वळतात. हिंदी वाचणाऱ्याला मात्र हे गाव चांगलं ठाऊक असतं. ३ ऑगस्ट १८८६ रोजी मैथिलीशरण गुप्त इथे जन्मले आणि त्यांची पुस्तकं इथल्याच ‘साहित्य सदन’तर्फे देशभर गेली. तसं पाहिलं तर हा कवी आपल्यालाही परका नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या एका रात्रीवर त्याने १९२५ मध्ये एक अख्खं खंडकाव्य लिहिलं आहे.

त्यांचं मोठं काव्य ‘साकेत’ १९३१चं. रामकथेने विसरलेल्या ऊर्मिलेला त्यात मध्यभागी आणलं म्हणून ते गाजलं, आणि ते योग्यच झालं. पण आठव्या सर्गात, चित्रकूटावर, राम सीतेशी बोलताना वनवासाचं प्रयोजन सांगतो, त्याकडे फारसं कुणी थांबून पाहत नाही. रानात कितीतरी लोक अस्वलं-वानरांसारखे होऊन राहिलेत, त्यांना आपण आपल्या हाताने आर्यत्व देऊ, असा त्या बोलण्याचा आशय आहे.

‘सारखे’ या एका शब्दाने कवीने हजारो वर्षांचं कोडं मिटवून टाकलं. विसाव्या शतकातल्या, गांधीयुगातल्या कवीला बोलणारी माकडं अडचणीची वाटली असतील, म्हणून त्याने ती माणसं करून टाकली. तसं करणारा तो एकटा नव्हता. वानर म्हणजे कुणी वनवासी जमात, हे स्पष्टीकरण आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतं. पण त्याने प्रश्न सुटत नाही, नुसता सरकतो. वानर माणसंच असतील, तर त्यांना आर्यत्व ‘देणारे’ हे कोण, आणि ते मागितलं होतं कुणी? आणि ते खरोखरीच वानर असतील, म्हणजे झाडावरच्या जिवाला माणसाएवढी बुद्धी, भाषा, राज्य, लाज, सूड हे सगळं मिळालेलं असेल, तर त्याच्याशी वागायचं कसं? प्राणी म्हणून, की माणूस म्हणून?

हा दुसरा प्रश्न वाल्मीकींनी टाळलेला नाही. त्यांनी तो थेट एका मरणाऱ्या वानराच्या तोंडी घातला.

किष्किंधाकांडाच्या सतराव्या आणि अठराव्या सर्गांत बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो. त्याचं बोलणं एखाद्या मुरलेल्या वकिलासारखं आहे. मी दुसऱ्याशी लढत असताना तू लपून बाण मारलास. माझं तुझ्याशी वैर नव्हतं, तुझ्या राज्यात मी काही उपद्रव केला नव्हता. बरं, शिकार म्हणून मारलंस म्हणावं, तर माझं कातडं सज्जन पांघरत नाहीत, माझी हाडं आणि केस निषिद्ध, माझं मांस अभक्ष्य. पाच नखांचे जे पाच प्राणी खायला चालतात, त्यांत साळिंदर येतं, घोरपड येते, ससा येतो, कासव येतं; वानर येत नाही. माणसांचं धर्मशास्त्र हा वानर माणसांपेक्षा चोख सांगतो.

रामाचं उत्तर दोन भागांत आहे, आणि सगळी मेख त्या दोन भागांच्या सांध्यात आहे. आधी तो सांगतो की ही सारी भूमी इक्ष्वाकूंची, भरताच्या सत्तेखालची. धाकटा भाऊ सुग्रीव जिवंत असताना तू त्याच्या बायकोला, रुमेला, ठेवून घेतलंस. या अपराधाला वधाचीच शिक्षा आहे. म्हणजे वाली माणसांच्या धर्माला बांधलेला, शहाणा, जबाबदार गुन्हेगार ठरला. त्यानंतर राम म्हणतो, शिवाय आणखी एक कारण ऐक. माणसं जाळी लावून, फास टाकून, लपून किंवा उघडपणे जनावरं मारतात. त्यात दोष नाही. तू तर शाखामृग. म्हणजे आता वाली जनावर ठरला.

दोन्ही कारणं एकाच वेळी खरी कशी असतील? जनावर असेल तर भावाच्या बायकोचा हिशेब त्याला कुणी विचारायचा? रानातल्या कुठल्या हुप्प्याला कुणी विचारतं? आणि हिशेब विचारण्याइतका तो माणूस असेल, तर समोर उभं राहून विचारायला हवं होतं. टीकाकारांनी या जागी बरीच मलमपट्टी केली आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने मात्र ‘उत्तररामचरिता’त लवाच्या तोंडून या वधावर टोमणा मारून घेतला, तोही बापाला न ओळखणाऱ्या मुलाच्या तोंडून, म्हणजे बोलणारा निर्दोष.

या संवादाकडे रामावरचा ठपका म्हणून पाहण्याची घाई करू नये. वाली शेवटी रामाचं म्हणणं मान्य करतो आणि अंगदाला त्याच्या ओटीत घालतो, हेही तिथेच लिहिलेलं आहे. पण बुद्धी मिळालेल्या प्राण्याच्या वाट्याला काय येतं, त्याचा हा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक नमुना आहे. त्याची बुद्धी आधी मोजली जाते ती गुन्ह्यासाठी. हक्काची वेळ आली की तो पुन्हा झाडावर.

फार लांब जायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव देशाच्याच नव्हे, जगाच्या बातम्यांत आलं. तिथले वानर कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर, झाडांवर, घरांच्या छपरांवर नेत होते आणि पिल्लं मरत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, असं गावात बोललं गेलं आणि मथळ्यांनी ते उचलून धरलं. मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेपर्यंत गेला. त्यावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. कदाचित वानर त्या पिल्लांच्या अंगावरचे किडे वेचत असतील आणि पिल्लं भुकेने किंवा पडून मेली असतील. पण ‘सूड’ हा शब्द एकदा पडला की कथा आपोआप उभी राहते: हेतू आहे, कट आहे, आरोपी आहेत. वनविभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानर पकडून नेले, तेव्हा ‘आरोपी वानर जेरबंद’ याच चालीवर बातम्या आल्या. खटला तेवढा चालायचा राहिला.

युरोपात तोही चालला होता. फ्रान्समधल्या फालेझ इथे १३८६ मध्ये एका मुलाला मारल्याबद्दल डुकरिणीला रीतसर फाशी दिली गेली. फाशीआधी तिला माणसाचे कपडे चढवल्याची हकीकत सांगतात. तिला अंगरखा मिळाला तो नेमका त्या दिवशी.

भारतीय परंपरेत या विषयाला एक वेगळी किनारही आहे, आणि ती फारशी चर्चेत येत नाही. पशुयोनी ही भोगयोनी आणि मनुष्ययोनी ही कर्मयोनी, असं आपल्याकडे मानतात. वाघाने हरीण फाडलं तर वाघाला पाप लागत नाही. तो आपलं भोगून पुढे जातो. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यात नवा हिशेब उघडतो तो फक्त माणसाच्या खात्यावर. आता या वाघाला कुणी माणसाची बुद्धी दिली असं धरू. दात तेच, आतडं तेच; पालापाचोळ्यावर तो जगणार नाही. पण आता त्याला कळतं. हरणाच्या डोळ्यांत काय आहे ते दिसतं. म्हणजे देणाऱ्याने त्याला ज्ञान दिलं, की निष्पाप जिवाला पापाच्या वहीत नेऊन बसवलं? मोक्ष मनुष्यजन्मातच, म्हणून बुद्धी देणं हे पुण्यकर्म, असा युक्तिवाद कुणी कीर्तनकार रंगवून करू शकेल. त्या कीर्तनाला वाघाला मात्र बोलावू नये.

हे केवळ कल्पनेचे खेळ राहिलेले नाहीत. चीनमधल्या कुनमिंगच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये माणसाच्या मेंदूच्या वाढीशी संबंधित एमसीपीएच१ हे जनुक माकडांत घातलं. अकरा माकडांपैकी पाच जगली. त्यांच्या मेंदूची वाढ माणसासारखी रेंगाळत झाली आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचणीत ती इतरांपेक्षा सरस ठरली. ही माकडं ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या देवळांच्या आवारात आणि रेल्वे फलाटांवर केळी हिसकावणारं लाल तोंडाचं माकड, त्याच जातीची. स्टॅनफर्डमध्ये २०२२ साली माणसाच्या पेशींपासून वाढवलेला मेंदूच्या ऊतीचा गोळा नवजात उंदरांच्या मेंदूत बसवला गेला. उंदराच्या मिशीला स्पर्श झाला की त्यातल्या मानवी चेतापेशी प्रतिसाद देत. उंदीर शहाणे झाले नाहीत. शास्त्रज्ञ त्यावरही नजर ठेवून होते, हे महत्त्वाचं.

या दोन्हींपेक्षा जास्त बोलकी गोष्ट २०२०ची आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेने जपानी सहकाऱ्यांबरोबर मार्मोसेट या चिमुकल्या माकडांत फक्त माणसाकडे असलेलं एक जनुक घातलं. गर्भांच्या मेंदूचा बाह्यभाग मोठा झाला, त्याला माणसासारख्या घड्या पडू लागल्या. आणि तिथे त्यांनी प्रयोग थांबवला. साधारण शंभराव्या दिवशी गर्भ काढून घेतले. पिल्लं जन्मू द्यायची नाहीत असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. कारण नैतिक होतं: जन्मल्यावर ते काय असतील आणि त्यांच्याशी कसं वागायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. वालीला निदान विचारायला तोंड मिळालं. या पिल्लांचा प्रश्न त्यांच्या जन्माआधीच निकालात निघाला, आणि गंमत अशी की या साऱ्या प्रकरणात सर्वांत जबाबदार वर्तन बहुधा हेच होतं. ते पटतं, आणि तरी घशाखाली उतरत नाही.

जन्मू दिलं असतं तर काय, याचं चित्र भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. राजर्षी भरत हरणाच्या पाडसात इतका गुंतला की पुढच्या जन्मी हरीण झाला, पण आधीच्या जन्माची आठवण शाबूत राहिली. माणसाचं मन, हरणाचं अंग. त्याने काय केलं? आईला, कळपाला सोडून तो पुलहाश्रमाकडे निघून गेला, कुणाच्या संगतीत राहिला नाही, वाळली पानं खाल्ली आणि मरणाची वाट पाहिली. पुराणिक याचा अर्थ ‘आसक्ती वाईट’ असा लावतात. पण त्या हरणाकडे नीट पाहिलं तर दुसरंच काही दिसतं. कळपाशी बोलण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं आणि माणसांना ते हरीणच दिसत होतं.

निम चिंप्स्की नावाच्या चिंपांझीने हेच आयुष्य काढलं. १९७३ मध्ये जन्मलेल्या निमला कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी न्यूयॉर्कमधल्या एका घरात माणसाच्या मुलासारखं वाढवलं, हातांच्या खुणांची भाषा शिकवली. त्याला खरंच भाषा येते का, यावर पुढे वाद झाला आणि प्रकल्पाच्या प्रमुखानेच ‘नाही’ असा निष्कर्ष काढला. प्रकल्प संपला, निमची रवानगी ओक्लाहोमाला, आणि १९८२ मध्ये थेट वैद्यकीय चाचण्यांच्या प्रयोगशाळेत. ओरड झाली म्हणून तो तिथून सुटला आणि टेक्ससमधल्या एका आश्रयस्थानात २००० साली मेला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला कुणी पिंजऱ्यात पाठवत नाही. त्याला पाठवलं.

ज्याला बोलता येतं तो वाचतो, हा नियम महाभारतानेही नोंदवला आहे. खांडववन जळताना कृष्णार्जुनांनी बाहेर पळणारा एकेक जीव मारून आगीत लोटला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या संहारावर जे लिहिलं, ते वाचल्यावर तो प्रसंग पहिल्यासारखा वाचता येत नाही. त्या वणव्यातून मोजून सहा वाचले: अश्वसेन नाग, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. पिल्लांनी अग्नीची स्तुती केली आणि अग्नीने वाट सोडली. वडिलांनी, मंदपालाने, अग्नीकडे आधीच शब्द टाकून ठेवला होता, म्हणजे वशिलाही होता. पण हत्ती, हरणं, कासवं, ज्यांना ना स्तुती येत होती ना कुणाचा वशिला होता, ती सगळी जळाली. बुद्धीची परीक्षा घेऊन जीवदान द्यायचं ठरलं की असं होतं.

मराठी परंपरेने याला दिलेलं उत्तर पैठणला आहे. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले, ही कथा पोराटोरांनाही येते; जुन्नर तालुक्यातल्या आळे इथे त्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथे यात्रेला जातात. मात्र कथा सांगताना सगळा भर वेदांवर पडतो. त्याच्या आधीचा भाग घाईने उरकला जातो. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तेव्हा वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. वेद नंतर आले. वेद ब्रह्मवृंदाला पटवण्यासाठी होते. वळ कुणाला काही पटवण्यासाठी नव्हते. पुढे १७८९ मध्ये जेरेमी बेंथमने प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे बाजूला ठेवून त्याला वेदना होते का एवढंच विचारावं असं मांडलं, आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्या एका तळटिपेसाठी आजही त्याचे आभार मानतं. पैठणच्या कथेत हे वळांच्या रूपाने आधीच आलेलं आहे. तरी शुद्धिपत्र मागणाऱ्यांचं समाधान वळांनी झालं नाही, रेड्याला परीक्षा द्यावीच लागली, हेही कथेनेच सांगितलं आहे.

सगळ्यांत रेखीव उत्तर जैनांकडे आहे. ते पंचेंद्रिय जिवांचे मन असलेले आणि मन नसलेले, संज्ञी आणि असंज्ञी, असे भाग करतात. मन असलेला पशू सम्यक्‌दर्शन मिळवू शकतो, श्रावकाची अणुव्रतं घेऊ शकतो, चौदा गुणस्थानांपैकी पाचव्यापर्यंत चढू शकतो. पार्श्वनाथांच्या एका पूर्वभवात ते वज्रघोष नावाचे हत्ती होते. पूर्वीचा राजा अरविंद मुनी होऊन वाटेत भेटला, त्याच्या उपदेशाने हत्ती शांत झाला आणि त्याने व्रत घेतलं. वालीच्या वाट्याला बुद्धीबरोबर शिक्षा आली, चित्रकूटावरच्या रामाच्या बोलण्यात तिच्याबरोबर देणगी आली. इथे आलं ते व्रत, आणि ते हत्तीने स्वतः घेतलं. दुसऱ्याने बुद्धी दिली की नाही, यावर त्या कथेत काहीच अडत नाही.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातल्या हत्तिणीचं प्रकरण इतकं चटका लावतं. मठाची महादेवी, लोकांची माधुरी, तीन दशकांहून जास्त काळ तिथे होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर तिला जामनगरच्या ‘वनतारा’त नेण्यात आलं. निरोप द्यायला गाव लोटलं, पुढे मोर्चे निघाले. एक बाजू म्हणत होती, तिचे पाय दुखतात, ती एकटी आहे, तिला इतर हत्ती हवेत. दुसरी म्हणत होती, ती आमच्या घरातली आहे, तिला आम्ही हवे आहोत. दोघेही ‘तिला’ म्हणत होते. ज्या परंपरेत हत्ती व्रत घेण्याइतका स्वतंत्र मानला आहे, त्या परंपरेच्या दारातून ती गेली, आणि तिला स्वतःला काय हवं होतं ते कुणाच्याच कागदावर येऊ शकलं नाही. तिला उद्या बोलता आलं तर? ती तिसरंच काही म्हणाली तर? मठ नको आणि जामनगरही नको, असं म्हणाली तर तिला कुठे जाऊ द्यायची दोन्ही बाजूंची तयारी आहे? बुद्धी देण्याच्या गप्पा मारणाऱ्याने आधी या ‘नाही’ची सोय केलेली असावी. तेवढी नसेल तर ड्रेस्डेनवाल्यांनी केलं तेच करावं.

कायद्यानेही हा उंबरठा ओलांडलेला नाही. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना प्राण्यांच्या सन्मानाची भाषा वापरली. १८ मे २०२३ला घटनापीठाने या खेळांना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्याकडे नाही, असंही नोंदवलं. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत भंडारा उधळला गेला. शर्यतीचा बैल किती हुशार, मालकाचा आवाज कसा ओळखतो, घाटात शिरताच कसा कान टवकारतो, हे बैलगाडावाले डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. फक्त ती हुशारी शर्यतीच्या बाजूने पुरावा म्हणून येते.

‘साकेत’मध्ये कथा अयोध्येपासून फारशी हलत नाही. लंकेकडची हकीकत तिथे पोचते ती भरताच्या बाणाने आकाशातून खाली आलेल्या हनुमानाकडून. चिरगावच्या कवीने वानरांना ‘सारखे’ म्हणून मिटवलं खरं, पण रामाची खबर अयोध्येला सांगायला त्याला वानराचंच तोंड लागलं. बाण आधी लागला, बोलणं मग ऐकलं गेलं.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळतात आणि घरधनी त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतो, पाहुण्याला द्यावं तसं, तोंडाने, नीट उच्चारून. बैल रवंथ करत असतो. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागत फिरतात, आणि खरे बैल तोवर औताला लागलेले असतात.